नांदेड ते संभाजीनगर विमानानं अंतर किती आणि वेळ खरंच किती लागतो? एक साइट १६ मिनिटं म्हणते, दुसरी ४६

अर्धापूरची_केळी

नमस्कार मंडळी. वडिलांचं मणक्याचं ऑपरेशन झालंय दोन महिन्याखाली, संभाजीनगरला. आता तपासायला परत न्यायचंय. वय ७१. डॉक्टरनी सांगितलंय सलग बसू द्यायचं नाही आणि गचके तर अजिबात लागू द्यायचे नाहीत. मागच्या वेळेस घरी आणताना गाडी केली होती, जिंतूरच्या अलीकडं रस्त्याचं काम चालू होतं तिथं एका खड्ड्यात गाडी आदळली आणि दादा (आम्ही वडिलांना दादाच म्हणतो) एवढ्या जोरात ओरडले की ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेऊन बंदच केली, अर्धा तास आम्ही रोडच्या कडेला लिंबाखाली उभे. त्या दिवशीच ठरवलं की आता रोडनं न्यायचं नाही.

म्हणून विमान बघायला लागलो. नांदेड आणि चिकलठाणा (संभाजीनगरचं) ही दोन विमानतळं टाकली तर अंतर आलं २१५ किलोमीटर. आपण तर आजवर २६०-२७० ऐकत आलो. आणि वेळ एका साइटवर १६ मिनिटं, दुसऱ्या साइटवर ४६ मिनिटं. विमान काय एवढं वेगवेगळं उडतं का? तिकिटाच्या ॲपवर मी ज्या तारखा टाकल्या त्याला थेट विमान दिसलंच नाही, हैदराबादवरून फिरून दाखवतंय.

तर कुणी जाणकार असेल त्यानं सांगावं की यातलं खरं काय, आणि दादांना विमानानं न्यायचा नाद करावा का सोडून द्यावा. घरात माझ्याशिवाय बघणारं कुणी नाही, म्हणून विचारायलोय.

पूर्णा_जंक्शन

भाऊ सरळ रेल्वेनं न्या. रुळावर खड्डा नसतो. बाकीचं जाणकार सांगतीलच.

सेलूचे_मास्तर

वेळेचं मला फार कळत नाही पण अंतराचं सांगतो, कारण हे गणित मी नववीच्या पोरांकडून दरवर्षी करून घेतो.

२१५ हे सरळ रेषेतलं अंतर आहे. नकाशावर दोन्ही विमानतळांवर टाचणी लावून दोरा ताणला तर जेवढा दोरा लागेल तेवढं. तुम्हाला साइटवर विश्वास ठेवायची गरज नाही, घरी वहीवर करून बघा. नांदेडचं विमानतळ साधारण १९.१८ अक्षांश, ७७.३२ रेखांश. चिकलठाण्याचं १९.८६ आणि ७५.४०. अक्षांशातला फरक ०.६८, एक अंश म्हणजे १११ किलोमीटर, म्हणजे उत्तरेकडं ७५ किलोमीटर झाले. रेखांशातला फरक १.९२. आता इथं पोरं चुकतात, रेखांशालाही १११ नं गुणतात, पण रेखांश विषुववृत्तापासून वर येताना एकमेकांच्या जवळ येत जातात, आपल्या पट्ट्यात एक अंश साधारण १०५ किलोमीटरचा भरतो. म्हणजे पश्चिमेकडं २०१ किलोमीटर. एक बाजू ७५, एक बाजू २०१, मधला काटकोन, आता पायथागोरस लावा. कर्ण येतो २१५ च्या जवळ. साइट खोटं सांगत नाही.

एवढ्या छोट्या अंतराला पृथ्वीच्या गोलाईचा काही फरक पडत नाही, अमेरिकेला जायचं असतं तर पडला असता.

रोड वाढतो कारण रोडला परभणी घ्यायची, जिंतूर-मंठा घ्यायचं, जालना घ्यायचं. कुठून जाता त्यावर २६०-२७० होतात. पण एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही, आपली रेल्वे २३५ च्या आसपासच आहे. म्हणजे विमानाच्या सरळ रेषेपेक्षा फक्त वीसेक किलोमीटर जास्त! पूर्णा, परभणी, मानवत रोड, सेलू, परतूर, जालना, ही स्टेशनं नकाशावर बघा, निजामाच्या काळात ही लाइन टाकणाऱ्यानं जवळजवळ पट्टी ठेवूनच आखली असं वाटतं. मला या लाइनचं फार कौतुक आहे.

चिकलठाणा_रॅम्प

मी विमानतळावर ग्राउंड हँडलिंगला ९ वर्षं काढलीत, त्यामुळं वेळेचं मी सांगतो. जरा मोठं होईल पण वाचा.

आधी ते १६ आणि ४६. मला वाटतं साइटनं २१५ ला ताशी ८०० नं भागलं, आले १६ मिनिटं. दुसरीनं त्याच्यात टेकऑफ लँडिंगचे म्हणून ३० मिळवले, झाले ४६. दोन्हीकडं एकच भागाकार आहे, विमानाचा त्याच्याशी काही संबंध नाही.

खरं विमान कसं जातं ते बघा. छोट्या अंतराला आपल्याकडं एटीआर ७२ सारखं पंख्याचं विमान धरा, सत्तर-अठ्ठ्याहत्तर सीटचं, वेग वर गेल्यावर ताशी ५०० च्या आसपास. ते १५ हजार फुटावर जायचं म्हणलं तर दहा-बारा मिनिटं चढतच राहतं आणि तेवढ्यात ७०-७५ किलोमीटर कापतं, चढताना वेग कमीच असतो, बैलगाडी चढावर चालते तसं. उतरायचं गणित वैमानिक लोक असं करतात की हजार फुटाला तीन नॉटिकल मैल, म्हणजे १५ हजार फुटाला ४५ मैल, म्हणजे ८३ किलोमीटर आधीपासून उतरायला सुरुवात. आता २१५ मधून ७५ आणि ८३ काढा. राहिले ५७ किलोमीटर. फक्त तेवढाच तुकडा विमान पूर्ण वेगानं उडणार, सात मिनिटं. जालना खाली दिसायच्या आधीच उतरायला लागलेलं असतं.

जेट आणलं तरी लै फरक पडत नाही. १० हजार फुटाखाली २५० नॉटच्या (ताशी साधारण ४६० किलोमीटर) वर पळवायचं नसतं, आणि एवढ्या जवळच्या अंतरात त्याला त्याच्या उंचीवर जायला वावच मिळत नाही.

तर हवेतला वेळ पस्तीस मिनिटं धरा. पण तिकिटावर जो वेळ लिहितात तो हवेतला नसतो. चाकाखालचे ठोकळे काढले तिथून घड्याळ सुरू होतं आणि पोचल्यावर ठोकळे परत लावले की बंद होतं. मधे टॅक्सी करत, म्हणजे जमिनीवरच चाकांवर हळूहळू, धावपट्टीच्या टोकाला जायचं, तिथं वळायचं, परवानगी मिळायची वाट बघायची, उतरल्यावर परत टॅक्सी. वरून कंपनी थोडा वेळ राखून ठेवते. म्हणून अशा अंतराला ५५ मिनिटं ते एक तास छापतात. नांदेड ते हैदराबाद सरळ रेषेत २४५ किलोमीटर आहे, त्यालाही तिकिटावर साधारण तासाभराचाच वेळ असतो.

वाऱ्यानं पण फरक पडतो. नांदेडची धावपट्टी १०-२८ आहे, म्हणजे एक तोंड जवळजवळ पूर्वेला, एक पश्चिमेला. संभाजीनगरची दिशा नांदेडवरून २९० अंशाच्या आसपास. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून असतो आणि विमान वाऱ्याच्या तोंडावर उडतं, म्हणजे २८ वरून सुटलं की नाक आपोआप संभाजीनगरकडंच. चिकलठाण्याची पट्टी ०९-२७, तिथंही सरळ येऊन २७ वर टेकायचं, वळसाच नाही. हेच हिवाळ्यात वारा पूर्वेचा असला की नांदेडवरून उलट्या दिशेला उडून वळून यायचं आणि इकडं गावाला वळसा घालून दुसऱ्या टोकानं उतरायचं, पाच-सात मिनिटं अशीच जातात. मे-जूनच्या दुपारी ढग उभे राहिले तर त्याला चुकवून जावं लागतं, ते वेगळं.

अर्धापूरची_केळी

रॅम्प दादा, मास्तर, तुमचे दोघांचे उपकार. आमची पोरगी नववीलाच आहे, तिनं आत्ता बसून ते २१५ काढलं, बरोबर आलं.

म्हणजे थेट विमान असलं तरी तास. आणि हैदराबादवरून गेलं तर?

चिकलठाणा_रॅम्प

हैदराबादवरून तर नकाच नेऊ. नांदेड-हैदराबाद २४५ आणि हैदराबाद-संभाजीनगर सरळ रेषेत ४३० च्या पुढं. म्हणजे २१५ किलोमीटर जायला पावणेसातशे किलोमीटर उडायचं, दोनदा चढायचं, दोनदा उतरायचं, मधे शमशाबादला (हैदराबादचं विमानतळ) तासन्‌तास खुर्चीवर. मणक्याच्या माणसाला हे कशाला.

आणि थेट विमान समजा सुरू झालंच (वेळापत्रकं बदलत राहतात, तिकीट काढायच्या दिवशी परत बघा) तरी दारापासून दारापर्यंत मोजा. अर्धापूरहून विमानतळ अर्धा-पाऊण तास. बहुतेक कंपन्यांचं काउंटर सुटायच्या ६० मिनिटं आधी बंद होतं, व्हीलचेअर असली तर तुम्ही दीड तास आधी पोचायला पाहिजे. मग विमानाचा तास. मग सामान, बाहेर येणं, गाडी, दवाखाना, अजून पाऊण तास. चार तास झाले. या चारातली पस्तीस मिनिटं हवेत.

उदगीरकर_ताई

मी फिजिओथेरपिस्ट आहे, लातूरला. अंतरावर सगळे बोलले, मी पाठीवर बोलते.

एक, विमानात टेकऑफ आणि लँडिंगला सीट ताठ ठेवावी लागते, पट्टा लावलेला, उठता येत नाही. वर रॅम्प दादांनी जे सांगितलं त्याचा अर्थ असा की एवढ्या छोट्या उड्डाणात जवळजवळ सगळा वेळ चढणं-उतरणंच आहे, म्हणजे काका पूर्णवेळ ताठ बसलेले राहणार. लांबच्या विमानात निदान मधे उठून दोन फेऱ्या मारता येतात. दोन, छोट्या विमानतळावर विमानाला शिडीनं चढावं लागतं. त्या पायऱ्या अरुंद असतात आणि कठड्याला धरून वाकून चढताना कंबरेला पीळ बसतो. तीन, पावसाळी हवेत विमानही हलतं, आणि तो हिसका कधी येईल ते आधी कळत नाही.

रेल्वेत आडवं होता येतं, हा माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोठा फायदा आहे. पण कोणतीही गाडी घेऊ नका. वंदे भारत आता नांदेडपर्यंत आली आहे, २०२५ च्या ऑगस्टपासून, गाडी छान आहे, वेळही कमी लागतो, पण ती पूर्ण खुर्चीची गाडी आहे, आडवं व्हायला जागाच नाही. तुमच्या वडिलांना ती नको. तपोवन एक्सप्रेसचंही तेच. बर्थ असलेली गाडी घ्या. आणि बर्थ डब्याच्या मधला घ्या, टोकाचा नको, चाकं दोन्ही टोकांना असतात आणि हादरा तिथं जास्त जाणवतो. टू एसीचा खालचा बर्थ मिळाला तर उत्तम, त्यात मधला बर्थ नसतो त्यामुळं बसतानाही मान वाकवावी लागत नाही.

कंबरेचा पट्टा घरून निघतानाच बांधा, स्टेशनवर नाही. दर पाऊण तासाला उठवून दोन-चार पावलं चालवा. आणि उठवताना हाताला धरून ओढू नका हो, आधी कुशीवर वळवा, पाय खाली सोडा, मग हातानं रेटा देऊन उठू द्या. हे लै जण चुकतात आणि मग ऑपरेशनला दोष देतात. जायच्या आधी तुमच्या सर्जनना एकदा फोन करून विचाराच, पेशंट त्यांनी बघितलाय, मी नाही.

पूर्णा_जंक्शन

ताईंनी बरोबर सांगितलं. सचखंड घ्या. ती नांदेडहूनच सुटते, सकाळी, अमृतसरला जाते, त्यामुळं सुटायच्या आधीच फलाटावर लागलेली असते, धावपळ करून चढवायची गरज पडत नाही. मधून येणाऱ्या गाडीला नांदेडला पाच-दहा मिनिटात पेशंट चढवायचा म्हणजे जिवाला घोर. सव्वाचार-साडेचार तासात संभाजीनगर. बुकिंग करताना दादांचं वय नीट टाका, ६० च्या वरच्या पुरुषांना खालच्या बर्थचा कोटा आहे. गुरुद्वाऱ्याच्या यात्रेकरूंची गर्दी असते, तिकीट लवकर काढा.

जालना_मोंढा

सगळं खरं आहे पण मला एक बोलायचंय. मराठवाड्यातल्या मराठवाड्यात विमान पाहिजेच. २००८ ला गुरु-ता-गद्दीची (गुरु ग्रंथसाहिबाला गुरुपद दिलं त्याची) ३०० वर्षं झाली तेव्हा नांदेडचं विमानतळ नवं केलं, २०१७ ला २७ एप्रिलला उडान योजनेची (छोट्या गावांना स्वस्त विमानसेवा द्यायची सरकारी योजना) पहिली विमानं सुटली त्यात नांदेड-हैदराबाद होतं, तेव्हा किती आनंद झाला होता सगळ्यांना, तासाभराच्या प्रवासाला ठराविक सीटा २५०० रुपयात. मग संभाजीनगरला काऊन नाही? कामं तर सगळी तिकडंच आहेत, हायकोर्टाचं खंडपीठ तिकडं, विभागीय आयुक्तालय तिकडं, मोठे दवाखाने तिकडं. आज सीरियस पेशंट नांदेडहून हलवायचा असला तर रोडनंच आणावा लागतो, आणि त्या अँब्युलन्समधे मी स्वतः बसून आलोय, मंठ्यापासून पुढं देवाचं नाव घेत होतो.

चिकलठाणा_रॅम्प

मोंढा भाऊ, तुमचं दुःख कळतं. पण पेशंटसाठी पाहिजे ती एअर अँब्युलन्स, ती वेगळी गोष्ट आहे, त्यासाठी धावपट्टी चालू आणि दिवे-कर्मचारी तयार असणं महत्त्वाचं. रोजच्या प्रवासी विमानाचं गणित वेगळं. विमान सगळ्यात जास्त तेल चढताना खातं, आणि लँडिंगचा खर्च २१५ किलोमीटरला पण एकदाच येतो आणि हजार किलोमीटरला पण एकदाच. म्हणून कंपनी तेच विमान नांदेडहून लांबच्या गावाला पाठवायला बघते. नांदेड-मुंबई सरळ रेषेत ४७० च्या आसपास आहे, त्याला विमान शोभतं, तिथं माणसाची अख्खी रात्र वाचते. नांदेड-संभाजीनगरला काय वाचतं ते वर मोजलंच. मला विचाराल तर या अंतराला लाइन पूर्ण दुहेरी करा आणि बर्थच्या गाड्या वाढवा, याच मागणीवर जोर द्यायला पाहिजे.

जालना_मोंढा

अँब्युलन्सचं मी सोडणार नाही. बाकी तुमचं पटलं.

अर्धापूरची_केळी

मंडळी, दादांना नेऊन आणलं. म्हणलं सांगावं, तुम्ही सगळ्यांनी एवढं लिहिलं.

सचखंडचं टू एसीचं मिळालं, खालचा बर्थ, डब्याच्या बरोबर मधला. सर्जनना आधी फोन केला, ते म्हणले चालेल. स्टेशनवर हमालानं व्हीलचेअर आणून दिली, गाडी लागलेलीच होती त्यामुळं दादांना निवांत चढवलं, पट्टा घरूनच बांधला होता. ताईंनी सांगितलं तसं मोबाईलला पाऊण तासाचा गजर लावला आणि गजर झाला की कुशीवर वळवून उठवायचं, दाराजवळच्या बेसिनपर्यंत न्यायचं आणि परत. दोनदा तर दादा स्वतःच म्हणाले, चल, वेळ झाली. सेलू गेल्यावर दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली, शेजारी एक सरदारजी काका होते लुधियान्याचे, त्यांना पण दिली, त्यांनी आपल्या डब्यातलं लोणचं दिलं. एक गचका नाही. परतूरच्या पुढं दादा झोपले ते जालन्यापर्यंत.

दवाखान्यात एक्सरे काढला, डॉक्टर म्हणले हाड चांगलं जुळायलंय, तीन महिन्यांनी परत या. येताना पहाटेच्या देवगिरीनं आलो, ती मुंबईहून येते त्यामुळं चढवायला जरा घाई झाली पण गार्डनं बघितलं आणि थांबले.

ताई, ती कुशीवर वळवायची पद्धत आता आमच्या आईनं पण शिकून घेतली, तिची पण पाठ धरते.

मास्तर, पोरगी तुम्हाला विचारायलीय. तिनं आता नांदेड ते लातूर विमानतळाचं केलं. लातूरचं तिनं १८.४१ आणि ७६.४७ घेतलं. फरक ०.७७ आणि ०.८५. एक बाजू ८५ आली, एक बाजू ८९, कर्ण १२४. बरोबर आहे का?

सेलूचे_मास्तर

बरोबर आहे. तिला म्हणावं आता लातूर ते चिकलठाणा काढ, साधारण १९६ यायला पाहिजे. आणि पायऱ्या वहीत लिहायच्या, नुसतं उत्तर नको.